पाठीमागच्या खोलीतल्या दोघी

आबा रिटायर झाले त्या दिवशी संध्याकाळी घरी आले ते एक शाल, एक नारळ आणि सायकलीच्या कॅरिअरला सुतळीनं बांधलेलं एक डालगं घेऊन. शाल-नारळ त्यांनी मला दिला. डालगं सोडायला मात्र ते तयार होईनात. सायकल भिंतीला टेकवून तिथंच उभे राहिले.

"कोंबड्या आणल्यासा?" मी विचारलं.

"न्हाय," आबा म्हणाले. "ससं हायत. दोन."

आई चुलीपुढून उठून दारात आली. तिनं डालग्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "तुझ्या बापाला सांग, हे घर हाय. त्येंचं कॉलेज न्हवं." एवढं बोलून ती आत गेली.

आबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. तरी ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले, कारण आमच्या घरात तसंच चालायचं. आईचं म्हणणं मी आबांना सांगायचं आणि आबांचं आईला. सव्वादोन वर्षं मी तेच करत होते.

माझे आबा, केरबा कांबळे, कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात शिपाई होते. नेमणूक ॲनिमल हाउसवर. आबा त्याला सशेखाना म्हणायचे. तिथं औषधांच्या चाचण्या व्हायच्या. सशाच्या कानाच्या शिरेत इंजेक्शन द्यायचं आणि त्याला ताप चढतो का ते बघायचं, असल्या. आबांचं काम पिंजरे धुणं, खाणं-पाणी करणं आणि सुई टोचताना ससा धरणं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ससे धरले. घरी आले की आधी मागच्या दारी जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच उंबरा ओलांडायचे. कामाबद्दल घरात चकार शब्द काढायचे नाहीत.

त्या वर्षी, म्हणजे २००२ साली, सशेखाना बंद झाला. सरकारचे नवे नियम आले होते आणि तसं बांधकाम करणं कॉलेजला परवडणारं नव्हतं. बरे ससे दुसऱ्या एका संस्थेनं नेले. दोन माद्या चार-चार वर्षांच्या, कामातून गेलेल्या. त्यांना कोणी घेईना. साहेबांनी आबांना सांगितलं, "केरबा, जायच्या आधी तेवढं उरकून टाका."

"मग?" मी आबांना विचारलं.

"मग काय. उरकलं न्हाय," आबा म्हणाले आणि डालगं सोडायला लागले.

पांढऱ्या शुभ्र, लाल डोळ्यांच्या. एकीच्या कानात जांभळ्या शाईनं चौदा लिहिलेलं आणि दुसरीच्या कानात सतरा. पुढं तीच त्यांची नावं झाली. दोघींच्या कानांच्या कडेला शिरेवर बारीक काळे ठिपके होते, रांगेनं. ते कशाचे हे मला विचारावं लागलं नाही.

आता आई-आबांमधलं सांगायला हवं.

माझा भाऊ प्रसेनजीत माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आयटीआय करून तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात लागला होता. आमच्या विचारे माळावरच्या घराला मागच्या बाजूला त्यानं स्वतःसाठी एक खोली बांधली. बाकी घराला पत्रा, त्या खोलीला तेवढा स्लॅब आणि खाली शहाबादी फरशी. २००० सालच्या जानेवारीत तो पहिल्या पाळीला मोटरसायकलवरून निघाला. हायवेला धुकं होतं. उसाची भरलेली ट्रॉली बंद पडून रस्त्याच्या कडेला उभी होती, मागं दिवा नव्हता, काही नव्हतं. प्रसेनजीत थेट तिच्यावर गेला.

दवाखान्यात आबा आणि सयाजीमामा गेले. सयाजीमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दुपारी गाडी दारात आली ती पांढऱ्या कापडात पूर्ण गुंडाळलेला प्रसेनजीत घेऊन. आई धावली. तिनं डोक्याकडच्या कापडाला हात घातला तसा आबांनी तिचा हात धरला. घट्ट. ती म्हणाली, "तोंड दावा मला." आबा म्हणाले, "न्हाय." ती ओरडली, त्यांच्या छातीवर मारलं, खाली बसून त्यांचे पाय धरले. आबांनी हात सोडला नाही. मला अजून आठवतं, आईच्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. शेवटी तसंच नेलं.

त्या दिवसापासून आई आबांशी बोलली नाही. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, कपडे धुवायची. बोलायची नाही. मागच्या खोलीला तिनं कडी घातली. आठवड्यातून एकदा ती आत जाऊन झाडून यायची, एकटीच.

ससे आले तेव्हा एप्रिल संपत होता. आबांनी घरामागच्या परड्यात डालग्याखालीच दोघींना ठेवलं, मध्ये पत्र्याचा तुकडा उभा करून. एकत्र न वाढलेल्या माद्या एकदम सोडल्या तर एकमेकींना फाडतात, असं त्यांनी मला सांगितलं. पहिल्या रात्रीच मांजरानं डालगं उलथवायला बघितलं. दुसऱ्या दिवशी आबांनी वर दगड ठेवले. पण उन्हाला काय करणार? तिसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या कॉलेजातनं आले तर आबा परड्यात उकिडवे बसून ओल्या फडक्यानं सतराचे कान पुसत होते. ती आडवी पडली होती. नाकपुड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. कान आतून लालभडक.

"ससा उन्हानं मरतो," आबा म्हणाले. "थंडीनं न्हाय मरत. उन्हानं मरतो."

आत आणावं तर पत्र्याखाली परड्यापेक्षा जास्त भाजत होतं. सगळ्या घरात गार जागा एकच होती. ती कुठली हे आबांना माहीत होतं, मला माहीत होतं. आबांनी फडकं परत पाण्यात बुडवलं.

आई धुण्याच्या दगडापाशी उभी होती. पिळलेलं लुगडं तसंच हातात. बराच वेळ ती सतराच्या पोटाकडं, त्या धापांकडं बघत होती. मग लुगडं बादलीत टाकून ती आत गेली आणि आम्हाला कडीचा आवाज आला.

ती दारात येऊन मला म्हणाली, "आत ठेवा म्हणावं. पण पलंग हलवायचा न्हाय. खुंटीवरचा शर्ट काढायचा न्हाय."

त्या खोलीत मी दोन वर्षांनी पाऊल टाकलं. लोखंडी पलंग, टेबलावर टेपरेकॉर्डर, भिंतीला जानेवारी २००० चं कॅलेंडर, खुंटीला कारखान्याचा निळा शर्ट. आबा उंबऱ्याच्या आत यायला बिचकत होते. दोघींना पोटाशी धरून ते तसेच उभे राहिले. मीच म्हटलं, "आबा, या की."

ससे घरात ठेवायचे कसे, हे आबांना ठाऊक नव्हतं. त्यांना पिंजऱ्यात ठेवायचं ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकही ससा जमिनीवर चालताना बघितला नव्हता. त्यामुळं ती खोली आम्ही चुकत-माकत केली.

पहिली गोष्ट फरशी. शहाबादीवर दोघींचे पाय सटकायला लागले. मागचे पाय फाकायचे, त्या पोटावर पडायच्या आणि तशाच राहायच्या. पिंजऱ्याच्या जाळीवर उभं राहून दोघींच्या टाचांची लव गेली होती, खाली लाल चट्टे होते. मी पोती अंथरली. दुसऱ्या दिवशी आबांनी चौदाच्या तोंडातनं बोटभर सुतळी ओढून काढली आणि पोती उचलायला लावली. सुतळी पोटात गेली तर आतडं अडतं म्हणे. मग काय घालावं? दुपारी मी झोपून उठले तर खोलीच्या अर्ध्या भागात एक जुनी वाकळ अंथरलेली. आईनं तिचे सुटलेले टाके परत घालून, काठ आत दुमडून शिवले होते.

मग वायरी. ससा दिसेल ती वायर कुरतडतो. टेपरेकॉर्डर काढायचा नव्हता, मग मी सायकलीची जुनी ट्यूब उभी चिरून तिच्यात वायर घातली आणि टेबलाच्या पायाला वर बांधली. आबांनी आंब्याची पेटी आणून तिचे खिळे ठोकून बसवले, एका बाजूला दार कापलं आणि लपायला जागा म्हणून कोपऱ्यात ठेवली. दुसरी पेटी पलंगाखाली. पाण्याला मातीची जड परळ, म्हणजे पालथी होणार नाही. दोघी बसल्या जागेच्या एका ठरावीक कडेलाच घाण करतात हे आबांच्या ध्यानात आलं तसं त्यांनी तिथं एकेक घमेलं ठेवलं, तळाला वर्तमानपत्र, वर सुताराकडचा रंध्याचा भुस्सा. खिडकीला ओलं पोतं टांगलं. रोज सकाळी सायकलीवरून लसूणघास आणायचे, पण तो थोडाच घालायचे. जास्त करून वाळकं गवत. "दात वाढत्यात ह्यांचं. झिजाय पायजेत. तितं नुसती कांडी खाल्लीया जन्मभर." कांडी म्हणजे पीठ दाबून केलेलं तयार खाद्य.

मध्ये लाकडी चौकटीला जाळी ठोकून त्यांनी खोलीचे दोन भाग केले. एकीकडं चौदा, एकीकडं सतरा.

सगळं झालं. दोघींना आपापल्या भागात मोकळं सोडलं. आणि दोघीही हलल्या नाहीत.

एवढी खोली, वाकळ, पेटी, घास. चौदा जिथं ठेवली त्या फरशीवर बसून राहिली आणि सतरा तिच्या फरशीवर. दोन फूट बाय दोन फूट. घास पुढं सरकवला की मान लांब करून तोंडाला येईल तेवढा खायच्या. पाऊल पुढं टाकायच्या नाहीत. घमेल्यापुरत्या सरकायच्या आणि परत त्याच जागी. मला वाटलं घाबरल्यात. आठ दिवस झाले, दहा झाले.

एका दुपारी आई झाडायला आली. केरसुणी हातात तशीच धरून ती सतराकडं बघत उभी राहिली. मग फरशीच्या कडेनं बोट फिरवून तिनं हवेत एक चौकोन काढला.

"पिंजरा येवढाच हुता न्हवं ह्यांचा?" तिनं मला विचारलं.

मी आबांकडं वळले. आबा दारात होते. त्यांनी मान हलवली.

"म्हंजे पिंजरा गेलाय हे त्यास्नी ठावंच न्हाय," आई म्हणाली आणि केरसुणी टाकून भिंतीला पाठ लावून खाली बसली. त्या खोलीत ती बसलेली मी पहिल्यांदा बघितली.

आबा परड्यात निघून गेले. मी मागं गेले तर ते हात धूत होते. धुण्यासारखं काही लागलं नव्हतं हाताला.

"मी एकेकाला धरलं की गप बसायचं गं," ते म्हणाले. "आरडत न्हाय ससा. मला वाटायचं, सवय झालीया त्यास्नी. माझ्या हाताची सवय झालीया."

मी तांब्यानं पाणी घालत राहिले.

सोळाव्या दिवशी चौदा निघाली. कोथिंबिरीची काडी आईनं तिच्यापासून तीन हातांवर टाकली होती. चौदानं आधी मान लांब केली, मग पुढचे पाय टाकले, मग सगळं अंग बारीक करून, पोट जमिनीला लावून गेली. काडी तोंडात धरली आणि धूम परत. संध्याकाळपर्यंत तिनं वाकळेच्या कडेपर्यंत मजल मारली. महिन्याभरात ती जाळीलगत सगळ्या बाजूनं फिरायला लागली.

सतरा नाही निघाली. आम्ही काय काय केलं. घास लांब ठेवला, तिनं खाल्ला नाही. उचलून वाकळेवर ठेवली, ती थरथर कापत, सटकत परत फरशीवर गेली. मग आईनंच सांगितलं, "नगा छळू तिला. तितंच द्या." आणि त्या एका फरशीवर वाकळेचा एक चौकोनी तुकडा शिवून घातला.

जाळीच्या अलीकडं-पलीकडं दोघी अंगाला अंग लावून झोपायला लागल्या तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. आबांनी थोडे दिवस बघितलं आणि जाळी काढली. चौदा सरळ सतराच्या फरशीवर गेली, तिच्या कपाळावर हनुवटी ठेवून बसली. चार वर्षं शेजारशेजारच्या पिंजऱ्यात काढलेली ती जनावरं. एकमेकींना तोवर शिवली नव्हती.

आई दिवसाचा बराच वेळ आता तिथं असायची. तांदूळ निवडायला तिथं, लसूण सोलायला तिथं. प्रसेनजीत गेल्यापासून ती कुणाच्या बारशाला गेली नव्हती की लग्नाला. शेजारची आक्का हाका मारून थकली होती. तीच आक्का आता ससे बघायच्या निमित्तानं मागच्या खोलीत येऊन बसायची. आणि घरात आणखी एक झालं. माझं काम कमी झालं. आई आता सशांशी बोलायची.

"चौदे, घास संपलाय म्हणून सांग की."

आबा उठून घास आणायचे. आणि म्हणायचे, तेही चौदालाच, "आणलाय बघ. उद्या गाजराचा पाला मिळतोय का बघतो."

मी दारात उभी राहून हसले एकदा. आईनं माझ्याकडं बघितलं तशी गप झाले.

पुढच्या फेब्रुवारीत सतरा मेली. सकाळी आई झाडायला गेली आणि तिनं मला हाक मारली, साधीच, "दीप्ती, ये गं." सतरा तिच्या चौकोनावर आडवी झाली होती. चौदा शेजारी बसून तिचं कपाळ चाटत होती.

आबा आले. त्यांनी बघितलं, वाकून मानेखाली बोट लावलं, आणि खांद्यावरचा टॉवेल काढून तिला गुंडाळायला लागले. त्यांच्या हाताला ते काम माहीत होतं. दोन पलट्यांत त्यांनी अर्धं अंग झाकलं.

आईनं त्यांचा हात धरला.

"नगासा झाकू," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता, चौदाकडं न बघता. त्यांना म्हणाली. "ऱ्हाऊ द्या जरा. बघू दे तिला. न्हाय बघितलं तर कळायचं न्हाय तिला. सोदत बसंल."

तीन वर्षांनी ती त्यांच्याशी बोलत होती. आबांनी टॉवेल सोडला. सतराला त्यांनी पूर्ण उघडी केली आणि मागं सरून भिंतीला टेकले. दुपारपर्यंत कुणी तिला हात लावला नाही. चौदा चाटत राहिली, मग तिनं नाकानं ढकलून बघितलं, मग तिच्या पाठीला पाठ लावून बसली. शेवटी आपण होऊन उठली आणि पलंगाखाली गेली. तेव्हा आबांनी परड्यात खड्डा खणला.

त्यानंतर चौदानं खाणं सोडलं. सशानं दोन दिवस खाल्लं नाही की त्याचं आतडं बंद पडतं, मग ते परत चालू होत नाही, असं आबा म्हणाले. त्यांनी तिची लेंडी बघितली, पोट चाचपलं. कांडी पाण्यात भिजवून, वस्त्रगाळ करून तिची पेज केली आणि बिनसुईच्या सिरिंजनं तिच्या गालात सोडायला लागले. दर दोन तासांनी. आई तिला मांडीवर धरायची, आबा भरवायचे. ती थोडी गिळायची, थोडी ओघळून आईच्या पदरावर.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात भाकरी झाकून ठेवत होते. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. मला आईचा आवाज आला.

"त्येचं तोंड कसं हुतं?"

माझे हात थांबले.

"प्रसेनजीतचं," आई म्हणाली. "कसं हुतं? सांगा मला."

"चांगलं हुतं," आबा म्हणाले.

"चांगलं म्हंजे?"

"झोपल्यावानी. कपाळाला इतं जरा खरचटलं हुतं. बाकी काय न्हाय. डोळं मिटल्यालं. झोपल्यावानीच हुतं."

आबा खोटं बोलत होते. सयाजीमामानं मला दोन वर्षांपूर्वी सगळं सांगितलं होतं. दवाखान्यात प्रसेनजीतला ओळखायला चेहरा उरला नव्हता. हातातल्या घड्याळावरनं आणि पायाच्या जुन्या भाजल्याच्या डागावरनं आबांनी ओळखला होता. मामा बाहेर जाऊन ओकले होते. आबा आत उभे राहिले होते आणि कापड स्वतः गुंडाळलं होतं, दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. हे सांगून मामानं मला आईला न सांगायची शपथ घातली होती.

मी दाराच्या फटीपर्यंत गेले. आई मांडीवरच्या चौदाच्या पाठीवरनं हात फिरवत होती. आबांनी सिरिंज भरून हातात धरली होती.

"झोपल्यावानी हुतं," आई सावकाश म्हणाली. "मग मला का बघू दिलं न्हाईसा?"

सिरिंजमधली पेज थेंब-थेंब आबांच्या धोतरावर पडत होती आणि ते त्या थेंबांकडं बघत होते, जणू ते सांडणं थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. आई त्यांच्याकडं बघत राहिली. तिचा चेहरा आधी कठीण होता, तो तसाच राहिला थोडा वेळ. ती रडली नाही. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली,

"म्हंजे तुमी एकट्यानंच बघितलासा."

आबांच्या घशातनं एक आवाज आला. मी आयुष्यात तो आवाज परत ऐकला नाही. अठ्ठावीस वर्षं ससे धरणारा, लेकाच्या मातीच्या वेळी डोळ्याला पाणी न आणलेला माणूस पलंगाच्या पायाला डोकं लावून रडायला लागला. पलंग त्यांच्या रडण्यानं हलत होता, खाली फरशीवर त्याचे पाय वाजत होते.

आईनं त्यांना जवळ घेतलं नाही. तसली माणसं नव्हती ती. तिनं एका हातानं चौदाला पोटाशी धरलं आणि दुसरा हात पुढं केला.

"आना ते हिकडं," ती म्हणाली. "हात हालतोय तुमचा. मी भरवतो."

तिनं सिरिंज घेतली. मी परत चुलीपाशी जाऊन बसले. भाकरी तशाच होत्या. त्या दिवशी आम्ही तिघंही चार वाजता जेवलो.

आईनं ते खरं मानलं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. तिनं परत कधी विचारलं नाही. सयाजीमामालाही विचारलं नाही, आणि मला वाटतं मुद्दाम नाही विचारलं. मी मामाची शपथ पाळली.

पाचव्या दिवशी चौदा आपल्या आपण खायला लागली. एक वाळकी काडी, तीही अर्धी. आबा ती उरलेली अर्धी काडी हातात घेऊन बघत बसले होते.

उन्हाळ्याच्या तोंडाला आई म्हणाली, पलंग काढू या. चौदाला पळायला जागा होत नाही. एका बाजूनं तिनं धरला, एका बाजूनं आबांनी, आणि दारातनं तिरपा करून बाहेरच्या खोलीत आणला. माझं लग्न होईपर्यंत मी त्यावर झोपत होते. निळा शर्ट आईनं खुंटीवरनं काढला, धुतला, उन्हात वाळवला, घडी करून ट्रंकेत ठेवला. टेपरेकॉर्डर तिथंच राहिला. तो कुणी लावला नाही.

मोकळ्या खोलीत चौदा भिंतीच्या कडेनं पळायची, मध्येच हवेत उडी मारून अंग वळवायची. आबांनी तसं कधी बघितलं नव्हतं. पहिल्या वेळी त्यांना वाटलं तिला झटका आला. सतराच्या चौकोनावर मात्र ती कधी बसली नाही. त्याला वळसा घालून जायची. आईनं तो तुकडा पुढं उचलला नाही.

मी डीएड झाले आणि हातकणंगल्याजवळच्या एका गावात शाळेत लागले. आठवड्यानं घरी यायची. आई-आबा बोलायचे, पण फार नाही. घासाबद्दल, पाण्याबद्दल, आक्काच्या नातीबद्दल. मध्ये बराच वेळ गप्प असायचे. त्या दोघांच्यात काही जुळलं असं मी म्हणणार नाही. गेलेला पोरगा दोघांच्या मध्ये होताच. फक्त आधी दोघं त्याच्या दोन बाजूंना तोंड फिरवून बसायची.

२००४ च्या ऑगस्टमध्ये चौदा गेली. म्हातारी झाली होती, मागचे पाय ओढायची. आबांनी आक्काच्या घरनं शाळेत फोन केला. हेडमास्तरांनी मला वर्गातनं बोलावलं. हातातला खडू तसाच घेऊन मी ऑफिसात धावले.

"चौदा गेली गं," आबा म्हणाले. "सकाळी. काय तरास न्हाय झाला तिला."

बाहेर पाऊस होता, मुलं पाढे म्हणत होती. एका सशासाठी ऑफिसात उभं राहून रडायची लाज वाटली, पण रडू आलं.

"आई कशी हाय?" मी विचारलं.

"बसलीया."

"मी येतो आबा. दुपारची यष्टी हाय."

"नगं येऊस," आबा म्हणाले. "शाळा बुडवू नगंस. पोरं खोळंबत्यात." मग ते म्हणाले, "आमी दोघं हाय की."